सगळं गेलं, पण हात थांबले नाहीत : केडगावच्या पंडिता रमाबाईंची गोष्ट

पुण्याहून सोलापूरच्या रेल्वेने निघालं की दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागतं. (नगरजवळचं केडगाव वेगळं, हे दौंड तालुक्यातलं.) या गावात सव्वाशे वर्षांपूर्वी एका विधवा बाईने दुष्काळात सापडलेल्या मुलींसाठी घर उभं केलं. ते घर म्हणजे मुक्ती मिशन. ते आजही चालू आहे. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाई म्हटलं की बऱ्याच जणांना न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई आठवतात, नाहीतर बाबासाहेबांच्या पत्नी माता रमाई. या तिसऱ्या रमाबाई. संस्कृतच्या पंडिता, पुढे ख्रिस्ती झालेल्या. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं आणि त्याच लोकांनी पुढे त्यांच्यावर टीकाही केली. घरातली माणसं एकेक करून गेली. ऐकू येणं कमी झालं. तरी या बाईंनी हातातलं काम सोडलं नाही आणि एकदा धरलेली श्रद्धाही सोडली नाही.

जंगलात जन्म, वाटेवर शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. कर्नाटकात सह्याद्रीच्या घाटात गंगामूळ नावाच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळात बाईने संस्कृत शिकणं म्हणजे अधर्म समजत. शास्त्रीबोवांना धर्मसभेपुढे उभं राहून उत्तर द्यावं लागलं. त्यांनी ते दिलं आणि बायकोला शिकवणं चालूच ठेवलं. रमाला संस्कृत शिकवलं ते आईने, पहाटे उठवून, तोंडी.

पुढे घरची परिस्थिती खालावली. आईवडील, मोठा भाऊ श्रीनिवास, मोठी बहीण आणि रमा असं सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरू लागलं. देवळाच्या ओवरीत, नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचं आणि लोक देतील त्यावर दिवस काढायचे. रमाला हजारो श्लोक पाठ झाले. शाळा मात्र तिने पाहिली नाही.

मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास कुटुंब दक्षिणेत होतं. जवळचं सगळं विकून झालं. काही दिवस रानातला पाला खाऊन काढले. त्यातच वडील गेले, पाठोपाठ आई गेली. आईची तिरडी उचलायला माणसं मिळेनात. शेवटी मुलीनेच चौथा खांदा दिला. उंची कमी, म्हणून तिला तिरडी डोक्यावर घ्यावी लागली. थोड्या महिन्यांनी बहीणही गेली.

उरले भाऊ आणि बहीण. दोघं पायी निघाली. दक्षिणेतून उत्तरेत, पंजाबपर्यंत. झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरायला काही नव्हतं. वाळूत खड्डे करायचे, आत झोपायचं आणि अंगावर वाळू ओढून घ्यायची, अशा रात्री त्यांनी काढल्या. सगळे उपास, सगळी व्रतं केली, तरी देव पावत नाही, हे त्या वयात त्यांच्या मनाला लागलं. जुन्या श्रद्धेला पहिला तडा गेला तो इथे.

कलकत्त्याचा मान आणि दोन वर्षांचा संसार

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची अविवाहित मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, पंडितांच्या प्रश्नांना उत्तरं देते, हे पाहून तिथली विद्वान मंडळी थक्क झाली. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी तिला वेद वाचायला सांगितले. बाईने वेद वाचायचे नाहीत असंच ती तोवर ऐकत आली होती. शास्त्रं जसजशी वाचली, तसतसं बाईला आणि शूद्राला धर्मात जागा किती थोडी आहे हे तिला दिसत गेलं.

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. आता रक्ताचं जवळचं कोणी उरलं नाही. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. तो शूद्र समजल्या जाणाऱ्या जातीतला, म्हणून लग्न नोंदणी पद्धतीने झालं. दोन्हीकडच्या लोकांनी नाकं मुरडली. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आसामात सिल्चरला संसार मांडला होता. तिथेच घरातल्या पुस्तकांत रमाबाईंना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं. एक मिशनरी येऊन बायबलमधल्या गोष्टी समजावून सांगू लागले. नवऱ्याला ते पसंत नव्हतं, पण रमाबाईंच्या मनात ते घोळत राहिलं.

४ फेब्रुवारी १८८२ ला पटकीने नवरा गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. रमाबाईंचं वय तेवीस, कडेवर दहा महिन्यांची पोर.

पुण्यात सत्कार, मग विलायत

त्या वर्षी रमाबाई पुण्याला आल्या. इथल्या सुधारक मंडळींनी त्यांचं स्वागत केलं. त्यांनी आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिलं. सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींना शिकवायला बायका हव्यात आणि बायकांना तपासायला बाई डॉक्टर हव्यात, असं त्यांनी तिथे स्पष्ट मांडलं.

स्वतः डॉक्टर व्हावं म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पुस्तकाच्या विक्रीचा पैसा प्रवासाला लावला. सोबत दोन वर्षांची मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत. वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या उतरल्या. तिथे दोन मोठे धक्के बसले. आनंदीबाईंनी तिथेच आपला जीव दिला. आणि रमाबाईंचे कान इतके अधू निघाले की डॉक्टरकीचा नाद सोडावा लागला.

याच काळात त्यांनी एक गोष्ट पाहिली. समाजाने वाईट ठरवून टाकून दिलेल्या बायकांना लंडनच्या फुलहॅम भागात त्या भगिनी मायेने सांभाळत होत्या. आपल्याकडे अशा बाईला कोणी दारात उभं करत नसे. या भगिनी हे का करतात, याचं उत्तर शोधताना येशू आणि विहिरीवरची शोमरोनी बाई ही बायबलमधली गोष्ट त्यांच्यासमोर आली. जातीने हलकी, चालीने बदनाम, अशा बाईकडे येशूने पाणी मागितलं आणि तिच्याशी धर्माचं बोलणं केलं. रमाबाईंना ते पटलं. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

दोन्ही बाजूंचा ताण

इथून खरी परीक्षा सुरू झाली. पुण्यातली मंडळी नाराज झाली. पंडिता म्हणून मिरवलेली बाई परधर्मात गेली, याचा राग मोठा होता. दुसरीकडे चर्चची माणसंही खूश नव्हती. बाप्तिस्मा घेतला म्हणजे ही बाई आता सांगू ते निमूट मानेल, असं त्यांना वाटलं होतं. रमाबाई प्रत्येक शिकवणुकीवर प्रश्न विचारत. मांसाहार त्यांनी केला नाही. क्रुसावर लॅटिन शब्द कोरलेले असतात त्याला त्यांनी हरकत घेतली, कारण आपल्याला आपली संस्कृत जवळची. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकत होत्या आणि शिकवतही होत्या. तिथे पुरुषांना शिकवायला बिशपांनी विरोध केला, तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत. देव मानला म्हणजे माणसांची ताबेदारी मानली असं होत नाही, ही त्यांची भूमिका होती.

एकीकडे आपले लोक तुटले, दुसरीकडे नवे लोक संशयाने बघतात. अशा वेळी एकतर माणूस मागे फिरतो, नाहीतर मान खाली घालतो. रमाबाईंनी यातलं काहीच केलं नाही.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरची पदवी मिळणार होती, तो समारंभ पाहायला. पुढची दोन वर्षं तिथे फिरून त्यांनी भाषणं केली, बालशिक्षणाची पद्धत शिकून घेतली आणि हिंदुस्थानातल्या उच्चवर्णीय स्त्रियांच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १८८७ च्या अखेरीस बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसा देण्याचं तिने कबूल केलं. अट एक होती, शाळेत कोणावर धर्म लादायचा नाही.

शारदा सदन आणि १८९३ चं वादळ

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. सुरुवातीला मुली दोनच. त्यातली एक बालविधवा गोदूबाई. त्याच पुढे महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी, बाया कर्वे झाल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी मोठी माणसं सल्लागार होती. केस कापलेल्या, एका कोपऱ्यात बसवलेल्या पोरी पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या.

याच काळात रमाबाईंच्या आतही काही घडत होतं. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षं झाली, तरी मनाला स्वस्थता नव्हती. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त अजून भेटला नाही, असं त्यांना वाटत होतं. १८९१ च्या सुमारास वाचन आणि प्रार्थना करता करता त्यांची खात्री पटली की तारण आपल्या पुण्याईने मिळवायचं नसतं, ते देवाकडून फुकट मिळतं. लहानपणापासून व्रतं आणि उपासांचा हिशेब ठेवत आलेल्या बाईसाठी ही फार मोठी सुटका होती. पुढे जे जे सोसावं लागलं, त्याला बळ इथून मिळालं.

रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. बाहेर बोभाटा झाला की सदनात मुली बाटवतात. केसरीने कडक टीका केली. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचा शब्द मोडला, असा आक्षेप होता. रमाबाईंचं म्हणणं, सक्ती कोणावरच नाही, पण माझी प्रार्थना मी दार लावून लपवणार नाही. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. वीसेक मुलींना घरच्यांनी काढून नेलं.

ज्यांना शिकवलं, ज्यांची वेणीफणी केली, त्या पोरी एका झटक्यात गेल्या. यात त्या मुलींचंही नुकसान झालं, कारण कित्येकींचं शिक्षण तिथेच थांबलं. सदन बंद पडणार अशी चर्चा झाली. रमाबाईंनी उरलेल्या मुलींना घेऊन दुसऱ्या दिवसाचा वर्ग भरवला. सदन बंद पडलं नाही.

केडगावचं माळरान

असोसिएशनची दहा वर्षांची मदत केव्हातरी संपणार होती. तेव्हा सदनाला आपल्या पायावर उभं करायचं म्हणून रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली, जवळपास शंभर एकर. पुण्यापासून चौतीस मैल, पाण्याची ओरड असलेला मुलूख. विहिरी खणल्या, फळझाडं लावली.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बातमी ऐकली तेव्हा रमाबाईंना आपले पाला खाल्लेले दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या. उपाशी, अनाथ मुली वाईट धंद्याच्या दलालांच्या हाती लागत होत्या. त्यांनी टप्प्याटप्प्याने सुमारे तीनशे मुली आणल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला. शहरात इतक्या मुली ठेवायला परवानगी मिळेना. मग सगळ्यांना केडगावच्या शेतावर हलवलं. आधी तंबू, मग झोपड्या, मग पक्क्या इमारती. प्लेगच्या काळातल्या सरकारी कारभारावरही रमाबाईंनी जाहीर पत्र लिहून टीका केली. साहेब ख्रिस्ती म्हणून त्याला सूट दिली नाही.

१८९८ मध्ये मुक्ती सदन रीतसर सुरू झालं. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि केडगावची वस्ती जवळपास दोन हजारांवर गेली. एवढ्या तोंडांना दोन वेळचं घालायचं म्हणजे काय, हे घर चालवणाऱ्याला सांगायला नको. ठरलेलं उत्पन्न नाही, सरकारी अनुदान नाही. देव पुरवील या भरवशावर काम चालायचं. पण भरवसा म्हणजे हातावर हात धरून बसणं नव्हे. मुली शेती करत, गुरं राखत, माग चालवत, तेल काढत, कपडे शिवत, छापखान्यात खिळे जुळवत. जी शिकली ती धाकटीला शिकवायची.

फसवल्या गेलेल्या, टाकून दिलेल्या बायकांसाठी वेगळं कृपा सदन काढलं. फुलहॅमला जे पाहिलं होतं, ते त्यांनी केडगावात करून दाखवलं. आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय झाली. मनोरमा परदेशात शिकून आली होती. बोटांनी वाचायची ब्रेल लिपी तिने या मुलींना शिकवली.

अठरा वर्षांचं एक काम

मराठीत बायबल आधीपासून होतं. पण त्याची भाषा जड, संस्कृत शब्दांनी भरलेली. शेतात राबणाऱ्या, नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईला ती कळत नव्हती. रमाबाईंनी ठरवलं, साध्या मराठीत बायबल करायचं. तेही इंग्रजीवरून नाही, मूळ भाषांवरून. त्यासाठी चाळिशी उलटून गेल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या.

साधारण १९०४ पासून हे काम सुरू झालं. संस्कृतमध्ये पदवी मिळवलेल्या पंडितेने जड संस्कृत शब्द एकेक करून काढले आणि गावच्या बाईच्या तोंडचे शब्द घातले. वर दोन हजार माणसांचा कारभार, आजारपणं, पैशाची ओढाताण. कान जवळजवळ गेलेले. तरी रोजची पानं व्हायचीच. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी हे सगळं केडगावच्या बायकाच करत.

मनोरमा आता आईचा उजवा हात होती. बी.ए. झालेली, शाळेची मुख्य, आईनंतर सगळं सांभाळेल अशी. २४ जुलै १९२१ ला मिरजेत तिचं निधन झालं. वय अवघं चाळीस. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक लेक. त्रेसष्टाव्या वर्षी रमाबाई पुन्हा एकट्या पडल्या.

अशा वेळी देवाला जाब विचारावा, सगळं टाकून द्यावं असं कोणाच्याही मनात येईल. तरुणपणी दुष्काळात जेव्हा सगळी माणसं गेली, तेव्हा रमाबाईंची श्रद्धा मोडली होती. या वेळी ती मोडली नाही. तरुणपणी देवाने आपल्या व्रतांचं फळ द्यावं अशी अपेक्षा होती. आता देवाशी असा सौदा राहिला नव्हता. लेक गेल्यावरही त्या टेबलाशी बसल्या आणि राहिलेली प्रुफं तपासू लागल्या.

शेवटची प्रुफं हातावेगळी झाली आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या. पुरं छापलेलं बायबल त्यांनी पाहिलं नाही. ते १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडलं.

आज काय उरलं

१९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिलं. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढलं. पण त्यांची खरी आठवण केडगावातच आहे. मुक्ती मिशनमध्ये आजही निराधार बायका, मुली आणि अंध स्त्रिया राहतात.

रमाबाईंचा धर्म सगळ्यांना पटेल असं नाही. त्यांच्या हयातीतही तो पटला नव्हता आणि त्यांनीही तशी अट कधी घातली नाही. पण सगळं उलटं फिरलं असताना दुसऱ्या दिवशी उठून वर्ग भरवणं, विहीर खणणं, पान पुरं करणं, हे त्यांनी चाळीस वर्षं केलं. ख्रिस्ती मंडळी याला विश्वासात टिकून राहणं म्हणतात. गावाकडे याला चिवटपणा म्हणतात.

पुढच्या वेळी दौंडच्या गाडीत बसलात आणि केडगाव स्टेशन आलं, तर खिडकीतून एकदा बाहेर बघा.